एकशे सव्वीस किलोमीटर, बेचाळीस मिनिटं

१

काराजार ते सारीबेल, एकशे सव्वीस किलोमीटर. विमानाला बेचाळीस मिनिटं. मला झोपेतून उठवून विचारलं तरी हेच सांगेन. अठरा वर्षं झाली, मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी विमान जाताना आणि दुपारी परत येताना, मी नोंदवहीत हेच लिहीत आलेय. वारा समोरून असला तर चव्वेचाळीस, पाठीमागून असला तर चाळीस. याच्या पलीकडं कधी गेलं नाही. डोंगर काही जागचे हलत नाहीत, आणि आमचं बारा माणसांचं म्हातारं विमान कधी घाई करत नाही.

काराजारचा विमानतळ म्हणायचं म्हणून म्हणायचं. एक लांबट कुरण, त्यावर आडवी आलेली मेंढरं, एक कापडी वारादर्शक आणि माझी खोली. खोलीत चूल, टेबल, रेडिओ, आणि भिंतीवर दोन घड्याळं. एक आमचं, दुसरं मॉस्कोचं. सगळ्या देशाची विमानं मॉस्कोच्या वेळेनं उडतात, आणि माणसं आपापल्या वेळेनं जेवतात. नोंदवहीत मॉस्कोची वेळ लिहावी लागते. इथं मात्र मी आपलीच वेळ सांगते, उगाच डोक्याला ताप नको.

माझं काम सोपं आहे. विमान सुटलं की वेळ लिहायची. मग डोंगर आड येतो आणि काहीच दिसत नाही. बरोबर मध्यावर खिंड लागते. तिथं पोचल्यावर वैमानिक विमानाचा नंबर घेऊन रेडिओवर सांगतो, "काराजार, मी चव्वेचाळीस-बारा, खिंड पार." मी उत्तर देते. जाणाऱ्या विमानाला म्हणायचं, "ऐकलं, सारीबेल वाट बघतंय." येणाऱ्याला म्हणायचं, "ऐकलं, काराजार वाट बघतंय." नियमाच्या पुस्तकात फक्त "ऐकलं" एवढंच आहे. पुढचं आमच्याकडं पहिल्या दिवसापासून चालत आलंय. माझ्या आधीचा म्हातारा म्हणायचा, म्हणून मी म्हणते.

सारीबेलला माझ्यासारखाच सेइत बसतो. अठरा वर्षांत आम्ही दोनदाच समोरासमोर भेटलो, पण भांडलो मात्र रोज. मी त्याची एजे, म्हणजे मोठी बहीण, आणि तो माझा डोकं खाणारा भाऊ.

या ऑगस्टातल्या एका मंगळवारी विमान सारीबेलहून दोन दहाला सुटलं. दोन एकतीसला मुकाशचा आवाज आला, "काराजार, मी चव्वेचाळीस-बारा, खिंड पार," आणि त्याच्या मागून त्याचा तो ठरलेला सिगारेटचा खोकला, दोन लहान आणि एक लांब. मी उत्तर दिलं आणि चहाचं आधण ठेवलं. मुकाश आमचा वैमानिक. उतरला की आधी माझ्याकडं चहा पितो आणि मग विमानाकडं बघतो.

दोन चाळीसला रेडिओ पुन्हा बोलला. "काराजार, मी चव्वेचाळीस-बारा, खिंड पार." दोन लहान खोकले आणि एक लांब.

मी म्हटलं, विसरला असेल बिचारा. "ऐकलं, काराजार वाट बघतंय," म्हणून मोकळी झाले. विमान तीन वाजून एक मिनिटाला उतरलं. एक्कावन्न मिनिटं लागली होती.

२

"वारा होता का रे?" मी विचारलं.

"कसला वारा, एजे? पान हलत नव्हतं." मुकाशनं मनगट पुढं केलं. "हे बघा, दोन बावन्न. बरोबर बेचाळीस मिनिटं."

मी भिंतीकडं बोट दाखवलं. त्यानं दोन्ही घड्याळं बघितली, मनगटावरचं कानाला लावलं, आणि हसला. "सासऱ्यानं दिलेलं घड्याळ. काय अपेक्षा करणार!"

"आणि दोनदा कशाला बोललास खिंडीवरून?"

"एकदाच बोललो. तुमचे कान सासऱ्याकडून आलेत का?"

मी पण हसले. पेट्रोल मोजलं, बेचाळीस मिनिटांचंच जळलं होतं. मग मला घड्याळांचाच संशय आला. पण दोन घड्याळं एकाच वेळी सारखीच नऊ मिनिटं पुढं कशी जातील? सेइतला विचारलं तर म्हणतो, "एजे, तुझी घड्याळं पण आता चहा पीत बसायला लागली." त्याचं आणि माझं घड्याळ मात्र सेकंदाला सेकंद जुळत होतं.

पुढच्या शुक्रवारी अठ्ठावन्न मिनिटं लागली. त्याच्या पुढच्या मंगळवारी अडुसष्ट, जाताना आणि येतानाही. खिंडीवरून मुकाश आता तीनदा बोलत होता. शब्द तेच, खोकला तोच. मी तिन्ही वेळा उत्तर देत होते, आणि उतरल्यावर तो शपथेवर सांगत होता की एकदाच बोललो. त्यानं नवं घड्याळ घेतलं. तेही मागं पडायला लागलं.

प्रवाशांना काहीच कळत नव्हतं. कुणी पेंगत यायचं, कुणी उलटी करत. फक्त बूबूश म्हातारीनं एक गोष्ट बोलून दाखवली. खिंडीत एका पिराची मजार आहे. वरून जाताना ती दिसली की आमची माणसं दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवून आमीन म्हणतात. म्हातारी माझ्या खोलीत टेकली, गुडघे चोळले आणि म्हणाली, "काय गं, खिंडीत आता तीन मजारी झाल्या का?"

"एकच आहे, आजी."

"मग मी तीनदा हात का फिरवले? मोजलेत मी. मी अशा गोष्टी मोजते."

"पेंग आली असेल."

"तुझ्या बापाला आली असेल पेंग," म्हातारी म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली.

मी त्या दिवशी पुष्कळ विचार केला. वारा, उंची, घड्याळाचं वंगण, माझं वय. सगळं तपासून बघितलं. शेवटी मनाला एवढंच बजावलं की बाई, उशीर का होईना, विमान उतरतंय ना? उतरतंय. मग झालं तर.

३

हे सगळं सांगायचं कारण माझी नुरीला.

एकुलती एक पोर, चोवीस वर्षांची, आमच्या शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवते. मला आपा म्हणते, आमच्याकडं आईला तसंच म्हणतात. नऊ वर्षांची असताना घोड्यावरून पडली आणि समोरचा वरचा दात गेला. तेव्हापासून हसताना तोंडावर हात. वीस सप्टेंबरला तिचं लग्न ठरलेलं. मला ते हात धरलेलं हसू लग्नात बघायचं नव्हतं. सारीबेलच्या दवाखान्यात दातांचा डॉक्टर आहे, सोनं नेऊन दिलं तर तीन दिवसांत दात घडवून बसवतो. तिच्या बापाची अंगठी माझ्याकडं होती. तो गेल्यापासून पेटीत पडून होती. म्हटलं, बापाचं सोनं पोरीच्या तोंडात जाऊ दे, याहून चांगली जागा कुठली?

रस्त्यानं जायचं तर वसंतात पूल वाहून गेलेला. राहिलं विमान. मी आढेवेढे घेतले. "पुढच्या महिन्यात जा," म्हटलं.

"पुढच्या महिन्यात माझं लग्न झालेलं असेल, आपा. मग दात सासूला दाखवू का?"

"विमानाला वेळ लागतोय हल्ली."

"किती?"

"तासाच्या वर."

"तासभर मी तुझं बोलणं ऐकते, विमानात बसायला काय होतंय?"

तोंडाला तोंड देते कार्टी, बापावर गेलीय. सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी सकाळी ती निघाली. आमच्याकडं घरातलं माणूस लांब निघालं की ताज्या नानाचा एक घास त्याच्याकडून चावून घेतात, आणि उरलेला नान खिळ्याला टांगून ठेवतात. घास घेतलेलं माणूस परत येतंच, आणि आल्यावर त्यानं तो नान संपवायचा असतो. घरात उंदीर फार, म्हणून मी नान माझ्या रेडिओच्या खोलीतच टांगला. नुरीलानं घेतलेला घास स्पष्ट दिसत होता. दातांची अर्धगोल रांग आणि मधोमध एक न तुटलेला उंचवटा, जिथं दात नव्हता तिथं.

त्या दिवशी विमानाला पंचाहत्तर मिनिटं लागली. सेइतनं रेडिओवर सांगितलं, "आली तुझी राणी. सामानापेक्षा बडबड जास्त आणलीय." तेव्हा कुठं मी श्वास सोडला.

४

शुक्रवारी सकाळी जाणारं विमान एकोणऐंशी मिनिटांनी पोचलं, आणि अकरा वाजता जीप आली. जीपमधून इस्काक मामीतोविच उतरले. हे आमचे वरचे साहेब, जिल्ह्याच्या गावात बसतात आणि वर्षातून दोनदा इथं धूळ खायला येतात. त्यांनी नोंदवही उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय आहे? एक्कावन्न, अडुसष्ट, पंचाहत्तर? बुरुलचा-एजे, मंजूर वेळ किती?"

"बेचाळीस, साहेब."

"मग?"

"जेवढा लागला तेवढा लिहिला."

"वरून पत्र आलंय. सोमवारी आकडे बघणार आहेत. हे बघितले तर विमान बंद करतील. मग तुमचं सारीबेलचं टपाल, तुमचे आजारी, तुमच्या लग्नाचे पाहुणे, सगळे गाढवावरून आणा."

 विमान बंद झालं तर नुरीला पलीकडंच अडकेल, आणि वीस तारीख पुढं उभी. साहेबांनी समोर बसवून मला गेल्या महिनाभराचा उतारा कोऱ्या कागदावर लिहायला लावला, सगळीकडं बेचाळीस. लिहून होईतो दोन वाजले. साहेबांना दिवस मावळायच्या आत जिल्ह्याला पोचायचं होतं.

दोन दहाला सेइत बोलला, "सुटलं. आठ प्रवासी." आणि त्यानं नावं वाचली. सातवं नाव नुरीलाचं होतं. मी नोंदवहीत सुटण्याची वेळ लिहिली. साहेब वीसेक मिनिटं उतारा ताडत बसले.

"आता पोचल्याची लिहा," साहेब म्हणाले. "दोन बावन्न. इथं लिहा आणि उताऱ्यातही लिहा. मी निघतो."

"अजून खिंडसुद्धा आली नाही, साहेब. चाकं जमिनीला लागल्याशिवाय मी कधी..."

"बुरुलचा-एजे. ते उतरणार आहे की नाही?"

"उतरणार की! असं काय बोलता?"

"मग लिहा."

मी लिहिलं. '५२'मधला पाच जरा वाकडा आला. दोन्हीकडं शेजारच्या रकान्यात 'आठ उतरले' असंही लिहिलं. शिक्का मारला. त्याच वेळी रेडिओ बोलला, "काराजार, मी चव्वेचाळीस-बारा, खिंड पार." दोन लहान खोकले, एक लांब. मी माइककडं हात नेला.

"सही, सही राहिली," साहेबांनी कागद पुढं सरकवला. मी सही केली. मग दुसऱ्या कागदावर केली. मग साहेबांची टोपी सापडेना, ती चुलीमागं सापडली. ते गेले, जीपची धूळ खाली बसली, आणि मला आठवलं की मी उत्तर दिलंच नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, जाऊ दे, दुसऱ्यांदा बोलेल तेव्हा देऊ.

५

दुसऱ्यांदा तो बोललाच नाही. दोन बावन्नला मी खिडकीतून बघितलं तर विमान कुरणाच्या टोकाला उतरत होतं.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! बेचाळीस मिनिटं, सेकंदाचाही फरक नाही. झालं, संपलं ते खूळ, असं मोठ्यानं म्हणत मी बाहेर धावले. धावताना एवढंच मनात आलं की आवाज कसा आला नाही? नेहमी विमान दिसायच्या आधी चार मिनिटं डोंगरातून घरघर येते, मेंढरं आपोआप बाजूला होतात. आज मेंढरं जागच्या जागी चरत होती, आणि विमान त्यांच्या मधल्या फटीतून नीट येऊन थांबलं. मग म्हटलं, वारा उलटा असेल.

आठ जण उतरले, सेइतनं वाचलेल्या क्रमानं. कुणी सामान मागितलं नाही, कुणी कुणाला ढकललं नाही. सगळे माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन ट्रकची वाट बघत बसले. एरवी तिथं कोंबड्या विकणाऱ्या बायकांसारखा कलकलाट असतो. मुकाश खाली उतरला नाही. काचेमागून त्यानं हात केला आणि तसाच बसून राहिला.

नुरीला हसत आली. तोंडावर हात नव्हता. समोर सोन्याचा दात चमकत होता, अगदी मी मनात बघितला होता तसा.

"झालं, आपा," ती म्हणाली.

मी तिला कवटाळलं, रडले, दात बघितला, पुन्हा रडले. तिचा अंगरखा गार होता, बर्फातून आल्यासारखा. वर थंडी असतेच.

"दुखलं का गं?"

"नाही."

"डॉक्टर कसा होता?"

"चांगला."

"आणि सेइत? त्यानं तुला काही खायला घातलं की नुसत्या बाता मारल्या?"

"घातलं."

दमली असेल, असं मला वाटलं. पण मंगळवारी सेइत ज्या बडबडीबद्दल बोलला ती कुठं गेली? मी तिला खोलीत आणलं, खिळ्यावरचा नान काढून हातात दिला. "चल, संपव. परत आलीस, देवाची कृपा."

तिनं नान हातात फिरवला. आपण घेतलेल्या घासाजवळ आली तेव्हा थांबली, त्या उंचवट्यावरून बोट फिरवलं. जणू दुसऱ्या कुणाची वस्तू बघत होती. मग नान उलटा केला आणि दुसऱ्या बाजूनं चावला. मी बघितलं. सरळ, भरलेली रांग, मधे काही उरलं नव्हतं. आता दात आहे म्हटल्यावर तसंच दिसणार, मी मनाला सांगितलं. तेवढ्यासाठीच तर पाठवली होती.

पण ती चावत नव्हती. घास तोंडात होता आणि जबडा हलत नव्हता.

मी पाठ फिरवून चहाला लागले. खरं सांगते, मला तिच्याकडं बघवत नव्हतं, आणि स्वतःच्या पोरीकडं बघवत नाही याची मला लाज वाटत होती.

तीन वाजून सात मिनिटांनी रेडिओ बोलला.

"काराजार, मी चव्वेचाळीस-बारा, खिंड पार." दोन लहान खोकले, एक लांब.

६

मी खिडकीतून बाहेर बघितलं. विमान कुरणात उभं होतं. काचेमागं मुकाश बसला होता, हात अजून वर केलेला.

"काराजार, उत्तर का नाही?" रेडिओतला मुकाश म्हणाला. यापूर्वी तो एवढं एक वाक्य सोडून कधी काही बोलला नव्हता. "एजे, झोपलात का? मगाशी पण बोललो. अहो, माझी पेट्रोलची सुई अर्ध्याच्या खाली आलीय, आणि खिंड संपतच नाही. तुमचं कुरण दिसायला हवं होतं एव्हाना."

मी माइक धरला, पण दाबला नाही. मागं खुर्ची होती, खुर्चीत नुरीला बसली होती. खुर्ची जुनी, माशी बसली तरी कुरकुरते. ती कुरकुरत नव्हती.

"आणि हे बघा, तुमची लेक माझ्या मागं उभी राहून डोकं खातेय," मुकाश पुढं म्हणाला. हसण्याचा प्रयत्न करत होता. "म्हणतेय, आईला आधीच सांगून ठेवा म्हणजे उतरल्यावर ओरडणार नाही. डॉक्टर रजेवर गेलाय. दात झाला नाही. अंगठी तशीच परत आणतेय." मग लांबून, इंजिनाच्या आवाजातून, माझ्या पोरीचा आवाज आला, "आपा, माझा काय दोष?"

मी सारीबेलचं बटण फिरवलं. 

"सेइत, दातांचा डॉक्टर?"

"ती आली की सांगेल म्हणून मी गप्प बसलो," सेइत म्हणाला. "महिनाभर सुट्टीवर गेलाय भाड्या. पोर तीन दिवस आमच्या घरी बसून माझ्या बायकोबरोबर बोरसोक तळत होती. विमान उतरलं का?"

मी बटण परत चव्वेचाळीस-बाराकडं फिरवलं. चुलीवरचं आधण उकळून उतू जात होतं.

"आपा," मागून आवाज आला, "कुणाशी बोलतेस?"

आवाज नुरीलाचाच. अगदी नुरीलाचा. मी मान वळवली असती तर मला काय दिसलं असतं, ते मला माहीत नाही. मी वळवली नाही. समोर नोंदवही उघडी पडली होती. सुटलं दोन दहा, उतरलं दोन बावन्न. आठ उतरले. माझं अक्षर, माझा शिक्का. ज्या विमानाची वाट मी बघत होते ते कागदावर आलेलं होतं. मग मी कुणाची वाट बघत होते?

मी पेन उचललं. अठरा वर्षांत या वहीत मी एकही खाडाखोड केली नव्हती.

"आपा," ती मागून म्हणाली, जरा जवळून, "राहू दे ते. लिहिलंय ते बरोबर आहे."

मी दोन बावन्नवर आडवी रेघ मारली. एक, मग दुसरी, मग कागद फाटेपर्यंत. 'आठ उतरले'वर मारली. मग माइक दाबून ओरडले, "चव्वेचाळीस-बारा, ऐकलं! ऐकलं रे बाबा! काराजार वाट बघतंय! वाट बघतंय!"

मागं नान जमिनीवर पडल्याचा आवाज आला. बाकी काही नाही.

कितीतरी वेळ मी तशीच बसले होते. मग डोंगरातून घरघर ऐकू आली. मेंढरं आपोआप बाजूला झाली. कुरण रिकामं होतं, बाक रिकामा होता, आणि विमान दोनदा आपटत, धूळ उडवत, उतरलं. तीन एकेचाळीस. एक्क्याण्णव मिनिटं. मी तेच लिहिलं.

७

मुकाश खाली उतरला, विमानाला पाठ टेकून बसला आणि त्यानं चहा मागितला नाही. प्रवासी सामानावरून भांडत होते. नुरीला तोंडावर हात धरून माझ्याकडं आली, "ओरडू नकोस हं," म्हणाली, आणि मी सगळ्यांच्या देखत तिचा हात बाजूला करून तिच्या दातांतल्या फटीत बोट घातलं. पोरीला वाटलं, आईला वेड लागलं.

खोलीत आल्यावर तिनं जमिनीवरचा नान उचलला, फुंकून कपाळाला लावला. खायला तोंड उघडलं आणि थांबली.

"दुसऱ्या बाजूनं कुणी खाल्लं गं?"

मी नान हिसकावून घेतला.  तो तिला संपवू देणं मला शक्य नव्हतं. आणि नान फेकणं किंवा जाळणं आमच्याकडं पाप, ते माझ्या हातून होईना. मी तो पुन्हा खिळ्याला टांगला. दोन घास घेतलेला, एकमेकांसमोर.

तेव्हापासून विमान बेचाळीस मिनिटांत येतं. मुकाश खिंडीवरून एकदाच बोलतो, आणि मी माइक हातातच धरून बसलेली असते. नुरीला माझ्याबरोबर झोपते. मी रात्री उठून तिचे दात चाचपत नाही, पण तसं करावंसं वाटतं, हे खरं.

काल इस्काक मामीतोविच आले होते. खूश होते. उतारा वर गेला, पास झाला, फायलीत लागला. मला त्या फायलीची आठवण तोपर्यंत आलीच नव्हती. वहीत रेघ मारली, पण त्या कागदावर दोन बावन्न तसेच आहेत, माझ्या सहीचे, शिक्क्याचे. आठ उतरले.

"आणि अभिनंदन, एजे," साहेब टोपी घालता घालता म्हणाले. "सोन्याचा दात छान शोभतोय तुमच्या मुलीला. रविवारी जिल्ह्याच्या बाजारात दिसली. जरा गप्प वाटली, लग्नाची पोर, लाजली असेल. काराजारला गाडी कधी जाते विचारत होती."

रविवारी नुरीला माझ्यासमोर बसून पडदे शिवत होती.

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"काय सांगणार? गुरुवारी टपालाची जीप जाते म्हटलं. मी तिची जागा धरून ठेवलीय." ते हसले. "आई वाट बघत असेल, म्हटलं."

उद्या गुरुवार. नान खिळ्यावरच आहे.